खोक्यावरची नावं, पडद्यावरचे ठिपके

माझं काम अक्षरजुळणीचं. पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, जे येईल ते. मजकूर पडद्यावर लावायचा, पडद्यावरच वाचायचा आणि कागदावर जाण्याआधी पडद्यावरच दुरुस्त करायचा. दिवसभर डोळे मॉनिटरवर असतात, म्हणून तो निवडताना मी कधीच घाई करत नाही. ओळखीतले मुद्रितशोधक, छोटे प्रकाशक, आता घरून काम करणारे भाचे-पुतणे मॉनिटर घ्यायचा म्हटलं की फोन करतात. प्रश्न बहुतेक एकच असतो: "अमुक एचडी घेऊ की तमुक के?" हा प्रश्नच बदलायला हवा असं मला मनापासून वाटतं. नावं दुकानाच्या फळीसाठी तयार झालेली आहेत. डोळ्यांना कळतात ते ठिपके, त्यांची दाटी आणि आपण बसतो ते अंतर. मराठी वाचणाऱ्याने तर हे जास्तच नीट समजून घ्यावं, कारण आपली लिपी पडद्याकडून इंग्रजीपेक्षा जास्त मागते.

१. नाव कानावर पडलं की विचारावं: आडवे किती, उभे किती?

पडदा म्हणजे ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, स्वतंत्रपणे उजळतो. रेझोल्यूशन सांगताना आधी आडव्या ओळीतले ठिपके सांगतात, मग उभ्या रांगेतले. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. क्यूएचडी म्हणजे २५६० × १४४०, एकूण ३६ लाख ८६ हजार ४००. दुकानात ज्याला फोर के म्हणतात तो ३८४० × २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके, फुल एचडीच्या बरोबर चौपट.

या तीन जोड्या लक्षात असल्या तर आजच्या बाजारातल्या बहुतेक मॉनिटरांचं बोलणं कळतं. तरीही नावावर थांबू नये. "ताई, हा टू के आहे," असं विक्रेता सांगतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा २५६० × १४४० असतं. सिनेमाच्या जगात मात्र टू के म्हणजे २०४८ × १०८०, फुल एचडीपेक्षा जेमतेम रुंद. नुसतं "एचडी" म्हणावं तर मूळ हिशेबाने १२८० × ७२०, पण "एचडी" लिहिलेल्या स्वस्त लॅपटॉपचा पडदा बहुतेक वेळा १३६६ × ७६८ निघतो. विक्रेता खोटं बोलत असतो असं नाही. नावच सैल आहे. आकडे सैल नसतात.

२. ही नावं तीन वेगळ्या जगांतून आली आहेत, म्हणून ती एकमेकांशी जुळत नाहीत

हे मला समजलं तेव्हा सगळा गोंधळ एकदम सुटला, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

पहिलं जग संगणकाचं. आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ या संगणकांबरोबर व्हीजीए आणलं: ६४० × ४८०, आणि त्या आकाराला १६ रंग. पुढे ८०० × ६०० ला एसव्हीजीए म्हणू लागले. १९९० मध्ये आयबीएमनेच एक्सजीए काढलं, १०२४ × ७६८. मग १२८० × १०२४ म्हणजे एसएक्सजीए, १६०० × १२०० म्हणजे यूएक्सजीए. पडदे रुंद झाले तशी पुढे डब्ल्यू लागली आणि १९२० × १२०० चं नाव झालं डब्ल्यूयूएक्सजीए. मूळ नावाला पुढून अक्षरं चिकटवत नेण्याची ही पद्धत. श्रीलिपी किंवा आयएसएम ही मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरं घेऊन पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये पानं लावणाऱ्या पिढीला ही नावं तोंडपाठ होती. आजही प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ती भेटतात.

दुसरं जग टीव्हीचं. तिथे पूर्वीपासून ओळी मोजतात, म्हणजे उंची. ७२०, १०८० हे उभे आकडे आहेत. पुढचं पी किंवा आय हे अक्षर ओळी कशा येतात ते सांगतं. पी असेल तर प्रत्येक वेळी सगळ्या ओळी. आय असेल तर एकदा विषम ओळी, एकदा सम. संगणकाचे मॉनिटर आज पी पद्धतीनेच चालतात, म्हणून मॉनिटर घेताना ते अक्षर मनावर घेऊ नये.

तिसरं जग सिनेमाचं. मोठ्या अमेरिकी स्टुडिओंनी एकत्र येऊन थिएटरमधल्या डिजिटल प्रक्षेपणासाठी २००५ मध्ये एक प्रमाण प्रसिद्ध केलं. त्यात टू के म्हणजे २०४८ × १०८० आणि फोर के म्हणजे ४०९६ × २१६०. इथला "के" हजार दाखवतो, आणि तो मोजतो रुंदी.

आता गंमत बघा. १०८० हा आकडा उंचीचा आणि फोर के हा रुंदीचा. लोक दोन्ही एका पट्टीवर ठेवतात आणि हजारावरून चार हजारांवर उडी घेतल्यासारखं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक बाजू फक्त दुप्पट झाली आहे, आणि दोन्ही बाजू दुप्पट झाल्या म्हणून ठिपके चौपट. घरगुती टीव्ही आणि मॉनिटर बनवणाऱ्यांनी सिनेमाचं ४०९६ घेतलंच नाही. त्यांनी १९२० ची दुप्पट केली, ३८४०, आणि नाव मात्र सिनेमाचं उचललं. या पडद्याचं काटेकोर नाव अल्ट्रा एचडी. सिनेमाच्या पट्टीने मोजायचं तर फुल एचडीलाच टू के म्हणणं रास्त ठरेल, आणि २५६० वाला अडीच के होईल. पण बाजार असा चालत नाही, म्हणूनच पहिला मुद्दा.

३. "क्यू" कधी चौपट असतो, कधी चतुर्थांश

क्यूएचडी म्हणजे साध्या एचडीच्या, १२८० × ७२० च्या, चौपट ठिपके. पण छोटा क्यू लिहिलेलं क्यूएचडी, जे काही जुन्या मोबाइलवर असायचं, ते फुल एचडीच्या चतुर्थांश: ९६० × ५४०. तसंच क्यूव्हीजीए म्हणजे व्हीजीएचा चौथा हिस्सा, ३२० × २४०, आणि क्यूएक्सजीए म्हणजे एक्सजीएच्या चौपट, २०४८ × १५३६. तोंडाने म्हणताना सगळे सारखेच. अक्षरावरून अंदाज बांधू नये.

४. ठिपके किती, यापेक्षा ते किती दाट बसलेत ते बघावं

एक पातेलं पोहे लहान ताटलीत वाढले तर ढीग होतो आणि परातीत पसरले तर तळ दिसतो. फुल एचडीचे वीस लाख ठिपके २१.५ इंची पडद्यावर एका इंचात १०२ बसतात, २४ इंचीवर ९२, आणि २७ इंचीवर फक्त ८२. आकडा तोच, नाव तेच, खोक्यावरची चिकटपट्टी तीच. २७ इंचीवर मात्र अक्षराच्या कडेला पायऱ्या दिसू लागतात. मोठा पडदा म्हणजे चांगला पडदा, हा समज इथे महागात पडतो. २७ इंची फुल एचडी मी वाचनाच्या कामासाठी कुणालाही सुचवत नाही. चित्रपट बघायला, दुकानाच्या गल्ल्यावर लावायला तो चालेल.

दाटी काढायला फार गणित लागत नाही. आडव्या ठिपक्यांना पडद्याच्या इंचांतल्या रुंदीने भागायचं. रुंदी मोजपट्टीने मोजावी. खोक्यावरचा इंच कर्णाचा असतो, रुंदीचा नाही. १६:९ प्रमाणाच्या, म्हणजे १६ भाग रुंद आणि ९ भाग उंच अशा, २४ इंची पडद्याची रुंदी साधारण २०.९ इंच भरते, २७ इंचीची २३.५, ३२ इंचीची २७.९.

माझ्या वहीत या हिशेबाचे काही आकडे कायम लिहिलेले असतात. २७ इंची क्यूएचडी: इंचाला १०९. ३२ इंची क्यूएचडी: ९२, म्हणजे २४ इंची फुल एचडीइतकीच दाटी. पडदा केवढा तरी मोठा झाला, पण अक्षर तितकंच भरड राहिलं. २७ इंची फोर के: १६३. ३२ इंची फोर के: १३८. २७ इंची पडद्यावर ५१२० × २८८०, ज्याला फाइव्ह के म्हणतात: २१८. ॲपलने २०१४ मध्ये आपल्या आयमॅकमध्ये हा पडदा बसवला, तेव्हा छपाईशी संबंधित लोकांमध्ये त्याची एवढी चर्चा झाली ती याच शेवटच्या आकड्यामुळे.

५. अंतर मोजल्याशिवाय दाटीला अर्थ नाही

निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक फरक ओळखू शकतो. दृष्टितपासणीच्या तक्त्यावरची ६/६ ची ओळ याच मापावर बेतलेली आहे. ६० सेंमीवर बसलं तर हा फरक जवळपास ०.१७ मिमी होतो. २४ इंची फुल एचडीचा एक ठिपका ०.२८ मिमी, म्हणजे तो डोळ्याला वेगळा जाणवतो. २७ इंची फुल एचडीचा ०.३१ मिमी. २७ इंची क्यूएचडीचा ०.२३. २७ इंची फोर केचा ०.१६ मिमी, आणि इथे ठिपके दिसेनासे होऊन फक्त अक्षर उरतं.

हेच उलट मोजता येतं. ठिपके विरघळण्यासाठी २७ इंची फुल एचडीपासून मीटरभराहून जास्त दूर बसावं लागेल, २७ इंची क्यूएचडीपासून ८० सेंमी, आणि त्याच मापाच्या फोर केपासून ५५ सेंमी पुरे. म्हणून मॉनिटर घेण्याआधी मी सांगते: आपल्या टेबलाशी नेहमीसारखे बसा आणि कुणाला तरी डोळ्यापासून पडद्यापर्यंत टेप धरायला सांगा. अरुंद टेबल भिंतीला टेकवून ४५-५० सेंमीवर बसणाऱ्याला दाट पडदा खरोखर लागतो. मोठ्या टेबलावर मागे रेलून काम करणाऱ्याला क्यूएचडी भरपूर होतो. २०१० मध्ये ॲपलने फोनच्या पडद्याला रेटिना म्हटलं त्यामागेही हाच हिशेब होता. फोन हातभर अंतराच्याही आत धरतात, म्हणून तिथे इंचाला ३२६ ठिपके द्यावे लागले. दिवाणखान्यातला टीव्ही तीन मीटरवर असतो, तिथे इंचाला तीसच्या आसपास ठिपके असले तरी डोळा तक्रार करत नाही.

६. देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त ठिपके लागतात

मॉनिटरबद्दलचा बहुतेक सल्ला इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी लिहिलेला असतो. आपल्याला तो जसाच्या तसा पुरत नाही. का, ते ठिपके मोजूनच दाखवते.

विंडोज एका इंचाला ९६ ठिपके धरतं. त्या हिशेबाने १२ पॉइंटचं अक्षर १६ ठिपके उंच. या सोळांत आपण काय काय बसवतो? सगळ्यात वर अनुस्वार, मात्रा, रफार, वेलांटीची कमान. मग शिरोरेषा. मग अक्षराचं अंग. त्याखाली उकार किंवा रकार. फॉन्टनुसार थोडं कमी-जास्त होईल, पण अंगाला आठ-नऊ ठिपक्यांपलीकडे मिळत नाहीत. तेवढ्यात "ष" मधली तिरकी रेघ, "क्ष" चं वळण, "ध" ची गाठ आणि "ट्ट" सारखं एकावर एक बसणारं जोडाक्षर दाखवायचं असतं. वर "र्कि" मध्ये रफार आणि वेलांटी एकाच जागेसाठी भांडतात. त्यांना मिळून तीन-चार ठिपके. अनुस्वाराच्या वाट्याला एखादा.

शिरोरेषेची वेगळीच अडचण आहे. तिची जाडी हिशेबाने सव्वा किंवा दीड ठिपका येते. ठिपका अर्धा उजळत नाही, म्हणून संगणक एक तर रेषा एका ठिपक्यावर आणतो, नाहीतर शेजारची ओळ राखाडी करून धूसर करतो. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये क्लिअरटाइप जाहीर केलं. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन उभ्या पट्ट्या असतात आणि क्लिअरटाइप त्यांचा वेगवेगळा वापर करतं. त्यामुळे आडव्या दिशेला अक्षर तीक्ष्ण होतं आणि काना सुरेख उठतो. पण हा फायदा आडव्याच दिशेचा. शिरोरेषा, मात्रा, उकार यांचा तोल उभ्या दिशेत असतो आणि तिथे ही युक्ती कामाला येत नाही. इंग्रजीला उभ्या दांड्या जास्त, म्हणून तिला लाभ जास्त. आपल्याला खरे ठिपकेच हवेत.

आडवा मॉनिटर फिरवून उभा करणाऱ्या मुद्रितशोधकांनी हे ध्यानात ठेवावं. उभं पान वाचायला पडदा फिरवला की त्या तीन पट्ट्या आडव्या होतात आणि क्लिअरटाइपचा हिशेब चुकतो. पडदा उभाच वापरायचा असेल तर मुळातच दाट घ्यावा.

२७ इंची फोर केवर विंडोजमधलं स्केल, म्हणजे अक्षरांचं माप, १५० टक्के ठेवलं की तेच १२ पॉइंटचं अक्षर २४ ठिपके उंच होतं. २०० टक्क्यांवर ३२. मग अनुस्वार खरोखर गोल दिसतो. मी पडदा तपासायला जाताना पेनड्राइव्हमध्ये एक पान घेऊन जाते. त्यात हे शब्द असतात: हृदय, ऱ्हास, ह्रस्व, वऱ्हाड, दऱ्या, कर्तृत्व, उद्ध्वस्त, विद्या, रुपया, रूप, घर, धर, भाव, माव. दहा पॉइंट आणि बारा पॉइंट, दोन्ही मापांत. "हृ" आणि "ह्र" यांतला फरक पुढे न झुकता दिसला पाहिजे. "रु" आणि "रू" यांतला फरक वाचताना थांबावं न लागता कळला पाहिजे. नाही कळला, तर त्या पडद्यावर तपासलेल्या पुस्तकात चुका राहणार आणि त्या मुद्रितशोधकाच्या माथी बसणार. चांगल्या डोळ्यांच्या, मन लावून काम करणाऱ्या माणसाला केवळ भरड पडद्यामुळे बोल लागू नये, एवढी साधी इच्छा आहे माझी. दुकानदार रंगीबेरंगी फुलांचा आणि समुद्राचा व्हिडिओ दाखवतात. तो बघून पडद्याचे रंग कळतात, वाचन कळत नाही.

७. ए-फोरचा कागद सोबत न्यावा

कर्णाचा इंच पडद्याची उंची सांगत नाही, आणि पानाचं काम करणाऱ्याला उंची लागते. ए-फोर २९.७ सेंमी उंच. २४ इंची १६:९ पडदा २९.९ सेंमी उंच. कागद पडद्यावर धरला तर बरोबर बसतो, पण खालची पट्टी आणि वरचे मेनू धरले तर पान खऱ्या आकारात पूर्ण दिसत नाही. त्याच २४ इंचात १९२० × १२०० चा पडदा, ज्याचं प्रमाण १६:१०, ३२.३ सेंमी उंच असतो आणि पान मेनूसकट मावतं. हे मॉनिटर दुकानात चटकन दिसत नाहीत, मागवावे लागतात. मजकुराच्या कामाला मी त्यांना आजही मान देते.

२९ इंची अल्ट्रा वाइड, २५६० × १०८०, ऐकायला मोठा वाटतो. उंची २८.६ सेंमी. ए-फोर उभा मावत नाही. ३४ इंची ३४४० × १४४० ची उंची २७ इंची क्यूएचडीइतकीच, दाटीही जवळपास तितकीच, फक्त रुंदी जास्त. हिशेबाचे लांबलचक तक्ते करणाऱ्यांना, व्हिडिओ कापणाऱ्यांना तो उपयोगी.

आपल्याकडे खोक्यावर सेंमीही छापलेले असतात: ६०.४५ सेंमी म्हणजे २३.८ इंच. तेही कर्णाचेच.

८. अक्षर बारीक वाटलं तर स्केल वाढवावं, रेझोल्यूशन कमी करू नये

हे मी सगळ्यात जास्त घरांत जाऊन दुरुस्त केलं आहे. वडीलधाऱ्यांना अक्षर वाचता येत नाही म्हणून मुलगा किंवा नातू डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन १९२० × १०८० चं १२८० × ७२० करून देतो. अक्षर मोठं होतं, आणि पुसटही.

जुन्या काचेच्या जाड मॉनिटरात, सीआरटीत, ठिपक्यांची जागा काटेकोर बांधलेली नव्हती. इलेक्ट्रॉनचा झोत पडदाभर फिरायचा आणि वेगवेगळी रेझोल्यूशनं बऱ्यापैकी निभावून न्यायचा. एलसीडीत प्रत्येक ठिपका जागच्या जागी पक्का आहे. त्याचं मूळ रेझोल्यूशन एकच. दुसरं काही दिलं की एक ठिपका दीड ठिपक्यांत वाटावा लागतो, आणि वाटणीत कडा विरघळतात. ज्यांचा भागाकार पूर्ण जातो तिथे हे टळू शकतं, जसं फोर केवर फुल एचडी, जिथे एकाचे चार होतात. तरी चांगला रस्ता दुसराच आहे.

रेझोल्यूशनच्या सूचीत ज्याच्यापुढे "शिफारस केलेले" असं लिहिलेलं असतं तेच ठेवावं. त्याच पानावर "स्केल" असतं, ते १२५, १५० किंवा १७५ टक्के करावं. अक्षर मोठं होतं आणि सगळे ठिपके त्याच्या सेवेला राहतात. २७ इंची फोर के १५० टक्क्यांवर ठेवला की कामाची जागा २५६० × १४४० इतकी उरते, फक्त प्रत्येक अक्षर अधिक रेखीव. आजोबांना मोठं आणि ठळक दोन्ही मिळतं. पडदा दाट म्हणजे अक्षर बारीक, ही भीती कित्येकांना चांगला मॉनिटर घेण्यापासून अडवते. ती निराधार आहे.

९. जुनं सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांनी फोर केची घाई करू नये

मराठी मुद्रणात अजून कितीतरी जुन्या फाइली जिवंत आहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ मधली. ती लिहिणाऱ्यांनी इंचाला १६३ ठिपक्यांचा पडदा गृहीत धरलेला नव्हता. अशा प्रोग्रॅमची बटणं दाट पडद्यावर मुंगीएवढी दिसतात, नाहीतर विंडोज त्यांना ताणून मोठं करतं आणि सगळं धुरकट होतं. प्रोग्रॅमच्या चिन्हावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, मग कम्पॅटिबिलिटी, तिथल्या हाय डीपीआयच्या सेटिंगमध्ये थोडी सुधारणा करता येते, पण पूर्ण समाधान होत नाही. अशांना मी २७ इंची क्यूएचडी १०० टक्के स्केलवर घ्यायला सांगते. इंचाला १०९ ठिपके, म्हणजे विंडोजच्या ९६ च्या जवळ. जुनी बटणं हाताला येतात आणि नवं युनिकोडही बरं दिसतं.

१०. "सपोर्ट करतो" आणि "दाखवतो" यांत फरक आहे

स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत १०८०पी असतं, आणि आत कुठेतरी मूळ रेझोल्यूशन ८०० × ४८० किंवा १२८० × ७२०. म्हणजे तो फुल एचडीचा सिग्नल घेतो, आणि आपल्याकडच्या थोड्या ठिपक्यांत कोंबून दाखवतो. माहितीपत्रकात "नेटिव्ह" हा शब्द शोधावा. त्याच्यापुढचा आकडाच खरा.

वायरचंही बघावं. फोर के पडद्याला सेकंदाला ६० चित्रं पाठवायची तर प्रत्येक ठिपक्याला २४ बिट धरून जवळजवळ १२ गिगाबिट माहिती दर सेकंदाला जावी लागते. एचडीएमआय १.४ ची कमाल १०.२, म्हणून ते फोर केला ३० वर थांबतं. मग माउस अडखळत चालल्यासारखा वाटतो आणि लोक मॉनिटरला नावं ठेवतात. एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ असलं की ६० मिळतात. वायर, लॅपटॉपचं भोक आणि मॉनिटरचं भोक, तिन्ही त्या तोडीची हवीत. निळी व्हीजीए वायर अजून कितीतरी कार्यालयांत आहे. तिच्यातून फुल एचडी येतं, पण सिग्नल ॲनालॉग असल्याने बारीक अक्षराला सावली पडू शकते. मॉनिटरला एचडीएमआयचं भोक असेल तर ती वायर आजच काढावी.

११. टीव्ही मॉनिटर म्हणून वापरायचा तर

४३ इंची फोर के टीव्हीची दाटी इंचाला १०२, कागदावर चांगली. पण बरेच टीव्ही रंगांची माहिती कमी करून दाखवतात. चित्रपटात ते जाणवत नाही, लाल किंवा निळ्या अक्षरांच्या कडा मात्र फाटतात. बऱ्याच टीव्हींत इनपुटला "पीसी" असं नाव किंवा मोड दिला की हे सुधारतं. कडेचा मजकूर कापला जात असेल तर चित्राच्या आकारात "स्क्रीन फिट" किंवा तत्सम पर्याय निवडावा. दोन्ही करून बघावं, मग माझं शब्दांचं पान उघडावं आणि लाल रंगात वाचून बघावं.

१२. बिलावर आकडे लिहून घ्यावेत

संस्थेसाठी, शाळेसाठी किंवा ग्रंथालयासाठी दरपत्रक मागवताना "२७ इंची टू के मॉनिटर, नग चार" असं लिहिलं तर काहीही येऊ शकतं आणि परत करता येत नाही. मी असं लिहून देते: कर्ण ६८.६ सेंमी, मूळ रेझोल्यूशन २५६० × १४४०, प्रमाण १६:९, डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय दोन्ही, वायर सोबत, स्टँडची उंची बदलता येणारी. हाच मजकूर बिलावरही मागते. माल आला की संगणकाला जोडून डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये शिफारस केलेला आकडा बघते, पडदा पूर्ण पांढरा आणि मग पूर्ण काळा करून मेलेले ठिपके शोधते, आणि त्यानंतरच पावतीवर सही करते.